पूर येऊन गेल्यावर पैसे येतात, यायच्या आधी का येत नाहीत? (चाळीसगाव, धुळे आणि सगळा तापीकाठ)

तितूरकाठचा

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतोय. दिवाळीत जमलं नाही म्हणून परवा दुकानाला रंग द्यायला रंगारी बोलावला, त्याने भिंतीवरची तपकिरी रेघ बघितली आणि म्हणतो भाऊ इथं ओल आहे का. ओल नाही रे बाबा, ती ३१ ऑगस्ट २०२१ आहे.

बाहेरच्यांसाठी सांगतो. गोकुळाष्टमीची रात्र होती, पाटणादेवीच्या डोंगरात आणि कन्नड घाटाकडे पाऊस असा काही कोसळला की घाटात दरडी आल्या, रस्ता बंद, आणि डोंगरी नि तितूर दोन्ही नद्या पहाटे एकदमच आमच्या चाळीसगावात शिरल्या. मी अंधारात दुकान उघडायला गेलो तर शटर आतून ढकलल्यासारखं फुगलेलं. पाणी उतरल्यावर आत बघितलं तर साखरेच्या गोण्यांचं नुसतं बारदान उरलेलं, साखर गेली नदीला, तेलाचे डबे तरंगत तिसऱ्या दुकानात, आणि सगळ्या फरशीवर हळदीचा चिखल. तालुक्यात शेकडो जनावरं गेली, पोळा आठवड्यावर आला होता. आमच्या गल्लीत त्या वर्षी कोणी बैलाला झूल घातली नाही, कारण झूल घालायला बैलच नव्हते.

मदत आली, नाही म्हणत नाही. पुढारी आले, पंचनामे झाले, फोटो झाले. आता नोव्हेंबर २०२५ मध्ये पालिकेची निवडणूक लागलीय, प्रचाराची रिक्षा दिवसातून चारदा दारावरून जाते आणि तिच्यात रस्ते, पाणी, गार्डन सगळं आहे, फक्त नदी नाही. माझा प्रश्न सरळ आहे, पुरानंतर वाटायला पैसे निघतात तर पुराआधी अडवायला का निघत नाहीत? कोणाला यातलं खातं, हेड (बजेटातलं खर्चाचं शीर्ष), निधी कळत असेल तर सांगा. शिव्या घालायला धागा काढलेला नाही. (थोड्या चालतील.)

कळण्याची भाकर

भो, गार्डन नदीमाज शे ना. नदी आपोआप उनी की जाहीरनाम्यात.

जुना ओव्हरसियर

पाटबंधारे खात्यात नोकरी काढली, आता घरी आहे, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

आधी पाण्याचा हिशोब समजून घ्या, पैशाचा नंतर. समजा डोंगरातलं शंभर चौरस किलोमीटर क्षेत्र आहे आणि त्याच्यावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला. ते झालं एक कोटी घनमीटर, म्हणजे आमच्या भाषेत दहा दलघमी (दशलक्ष घनमीटर). हे सगळं चार तासांत वाहून आलं तर साडेचोवीस हजार क्युसेकच्या (सेकंदाला तेवढे घनफूट) आसपास जातं. निम्मं जिरलं धरा, तरी बारा हजार. आता गावातलं पात्र बघा, एका बाजूला भराव, दुसऱ्या बाजूला टपऱ्या, मध्ये बुटक्या पुलाच्या मोऱ्या आणि त्यात अडकलेलं बाभळीचं झाड. जागा नाही मिळाली की पाणी रस्ता धरतं, यात नदीचा काही राग वगैरे नसतो.

आणि आपल्या नद्या तापीसारख्या नाहीत. तापीला हतनूर धरणावर ४१ दरवाजे आहेत, पाणी वरून निघालं की खाली कळवायला वेळ मिळतो. तितूर आणि डोंगरी यांना डोंगरातून गावात यायला काही तास पुरतात. त्यामुळे 'धरणातून सोडलं' म्हणून कुणावर ढकलायची पण सोय नाही.

हिशोबनीस

स्थानिक संस्थांचे ऑडिट करतो म्हणून हेडचं विचारलंत त्याचं उत्तर देतो, थोडं रुक्ष आहे, चहा घेऊन बसा.

आपत्तीचा पैसा मुख्यतः राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून येतो. आपल्यासारख्या राज्यात केंद्राचे ७५ टक्के, राज्याचे २५. आता नाव बघा, 'प्रतिसाद'. आपत्ती आली की प्रतिसाद. मृताच्या वारसाला ४ लाख, घर, भांडीकुंडी, जनावर, हेक्टरी नुकसान, सगळ्याचे दर ठरलेले आहेत. या निधीतून पूरसंरक्षक भिंत बांधता येत नाही, नदी रुंद करता येत नाही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात 'सौम्यीकरण' म्हणजे आधीच उपाय करायचा वेगळा निधी लिहिलेला होता. पण केंद्रात तो प्रत्यक्ष स्थापन झाला २०२१ मध्ये. सोळा वर्षं कायद्यात होता, तिजोरीत नव्हता. पंधराव्या वित्त आयोगाने मग वाटणी घालून दिली, राज्याच्या आपत्ती निधीतले ८० टक्के प्रतिसादाला आणि २० टक्के सौम्यीकरणाला. म्हणजे रुपयातले वीस पैसे, आणि त्यात दरड, वीज, दुष्काळ सगळे वाटेकरी.

शहरी पुरासाठी त्याच आयोगाने २,५०० कोटी वेगळे काढले. कोणाला? सात मोठ्या शहरांना. मुंबई, चेन्नई, कोलकात्याला ५००-५००, आणि पुणे, बंगळुरू, हैदराबाद, अहमदाबादला २५०-२५०. चाळीसगाव, अमळनेर तर सोडाच, यादीत धुळे-जळगाव पण नाही.

तितूरकाठचा

हिशोबनीस दादा, मग केंद्राची ती पूर व्यवस्थापनाची योजना ऐकतो ती काय?

हिशोबनीस

ती आहे. २०२१ ते २६ साठी एकूण ४,१०० कोटी, त्यातले २,९४० कोटी राज्यांमधल्या पूरकामांना आणि बाकी सीमेवरच्या नद्यांना. आपल्यासारख्या राज्याला ६०:४० प्रमाण, चाळीस आपण घालायचे. आता तुलना करा. २०२५ च्या ऑक्टोबरात आपल्या एकट्या राज्याने अतिवृष्टीसाठी जाहीर केलेलं पॅकेज ३१,६२८ कोटींचं. मान्य आहे की त्यात पिकं, जमीन, रस्ते, विमा, सगळं धरलंय, सरळ तुलना होत नाही. तरी अख्ख्या देशाला पाच वर्षांत पूर अडवायला २,९४० कोटी आणि एका राज्याला एका पावसाळ्यानंतर ३१ हजार कोटी, हे आकडे शेजारी शेजारी लिहून बघा.

पांझरापार

धुळ्याहून. तुम्ही पैसे नाहीत म्हणताय, आमच्याकडे पैसे आले होते तेव्हा काय झालं ते ऐका. पांझरेच्या दोन्ही काठांनी रस्ते झाले. त्यावरून राजकारण एवढं झालं की मंदिर, अतिक्रमण, पूररेषा, कोर्ट, पेपरबाजी, एका घरात दोन भावांचं बोलणं बंद. रस्ता वापरतो मी पण, खोटं कशाला बोलू, सकाळी फिरायला मस्त आहे. पण ऑगस्ट २०१९ ला अक्कलपाडा धरणातून पाणी आलं तेव्हा पांझरा काठोकाठ आली, लहान पुलांची वाट लागली, आणि तेव्हा कळलं की हा नदीचा प्रोजेक्ट नव्हता, रस्त्याचा प्रोजेक्ट होता आणि नदी त्याच्या शेजारी होती.

आणि हे काही नवीन नाही बरं का. १८७२ च्या सप्टेंबरात गिरणा आणि पांझरा दोघींना महापूर आला होता, १८८० च्या खानदेश गॅझेटियरात आहे ते. दीडशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय की ही नदी एवढी येते. त्याच काठावर आपले पूर्वज फडाचे बंधारे बांधून शेती करायचे, पाणी कुठपर्यंत येतं आणि कोणाला किती मिळतं हे गावाला पाठ होतं. आता ते पाठ असलेला एक माणूस माझ्या वॉर्डात दाखवा.

जुना ओव्हरसियर

पांझरापार, रस्ता वाईटच असं नाही. काठावरचा भराव पात्राच्या बाहेर ठेवला, मोऱ्या मोठ्या दिल्या, तर तो बांधाचं काम करतो. पण भराव पात्रात आला तर पात्र अरुंद झालं. दोन्ही डिझाईन कागदावर सारखीच दिसतात, फरक दहा-पंधरा मीटरचा असतो आणि त्या दहा-पंधरा मीटरचीच जागा सगळ्यांना पाहिजे असते.

कळण्याची भाकर

गिरणामायवर सात बलून (हवा भरेल रबरना) बंधारे येनार व्हतात. किती निवडनुका फुगन्यात नि फुटन्यात, बलून काही फुगना नई 😄

उधना व्हाया अमळनेर

सुरतहून लिहितोय, इथे आपले खान्देशी एवढे आहेत की उधना-लिंबायतमध्ये गुजरातीपेक्षा अहिराणी जास्त ऐकू येते. हतनूरचे दरवाजे उघडले की आम्हाला गावाकडून आधी फोन येतो आणि नंतर बातमी.

२००६ चा ऑगस्ट विसरूच शकत नाही. उकाई धरण भरलेलं, वरून तापी येतच होती, शेवटी नऊ लाख क्युसेकच्या आसपास सोडलं आणि शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. तेव्हा मोठा वाद झाला की धरण पावसाळ्यात एवढं भरून का ठेवलं. उकाई पुरासाठी पण आहे, सिंचन आणि विजेसाठी पण आहे. पुरासाठी रिकामं पाहिजे, बाकी दोन्हीला भरलेलं पाहिजे, आणि रिकामं ठेवलं नि पाऊस नाही झाला तर शिव्या खायच्या. त्यानंतर पाणी कधी किती ठेवायचं त्यावर कडक लक्ष आलं, काठाला बांध-भिंती झाल्या, इशारा देणारी यंत्रणा झाली. पालिका श्रीमंत आहे हो, कापड आणि हिरे, टॅक्स येतो. तुमच्या नगरपालिकेला घरपट्टी वसूल करायची मारामार.

पण एक गोष्ट सांगतो जी इथले पेपर कमी सांगतात. भिंती झाल्या त्या तापीला. आम्ही राहतो तिकडे तापीचं पाणी येत नाही, खाडीचं येतं. लिंबायतची मीठी खाडी, २०२४ ला आली, २०२५ च्या जूनमध्ये पण आली. लूमवर काम करणाऱ्यांच्या चाळीत गुडघाभर काळं पाणी, आणि तापीकाठच्या भिंतीवरून लोक सेल्फी काढतात. शहर वाचलं म्हणजे सगळे वाचले असं नसतं.

मेहुणबारेची माहेरवाशीण

उधना दादांचं शेवटचं वाक्य वाचून लिहायला बसले.

माझी मावशी चाळीसगावात नदीच्या अगदी काठच्या वस्तीत राहते. त्या रात्री तिच्या सुनेने 'पानी उनं, पानी उनं' ओरडत लेकरं उठवली आणि सगळे शेजारच्या दुमजली घराच्या जिन्यात जाऊन बसले. सकाळी घर होतं, घरात काही नव्हतं. कानबाई देवीचा पाट तेवढा अडकून राहिला होता चौकटीत, आडवा. मावशी म्हणाली कानबाईला काय, ती दर वर्षी नदीतच जाते, यंदा नदी घ्यायला आली.

पंचनाम्याला माणूस आला. पहिला प्रश्न, घर कोणाच्या नावावर. जागा सरकारी, उतारा नाही, घरपट्टीची पावती आहे पण ती मावशीच्या सासऱ्याच्या नावाची, ते वारून वीस वर्षं झाली. तेव्हा म्हणाले बघू. तितूरकाठचे दादा, तुमच्या साखरेची किंमत पंचनाम्यात लिहिली गेली, तुमच्याकडे बिलं होती. (टोमणा नाही, खरंच.) मावशीच्या घरातल्या चार कोठ्या, गोधड्या आणि शिलाई मशीन याचं बिल कुठून आणायचं? आता तुम्ही सगळे म्हणताय भिंत बांधा. कोणत्या काठाला बांधणार ते आधी सांगा.

पांझरापार

ताई, राग मानू नका, पण पात्रात घरं बांधलीत तर पाणी येणारच. अतिक्रमण काढल्याशिवाय कुठलीच योजना होणार नाही, कुणीतरी हे बोललं पाहिजे.

मेहुणबारेची माहेरवाशीण

राग नाही. पण अतिक्रमण म्हटलं की पत्रा आणि विटांचंच घर दिसतं. पात्रात टाकलेला भराव, पार्किंग, लॉन, शौचालय, पूल हे 'विकासकाम'. मावशीचे सासरे आले तेव्हा गावाने त्यांना तीच जागा दाखवली होती, कारण गावाला झाडूवाला पाहिजे होता आणि शेजारी नको होता. आता तिथून काढा, पण दुसरी जागा कुठली ते पण त्याच कागदावर लिहा.

पांझरापार

हे बरोबर बोललात. मागे घेतो.

सीडर रॅपिड्सहून

मूळचा पाचोऱ्याचा, पंधरा वर्षं अमेरिकेत आयोवा राज्यात आहे. ताईंनी विचारलं कोणत्या काठाला, त्यावर आमच्या या शहराची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिकडे सगळं छान असतं असं सांगणारी ही पोस्ट नाही, उलट आहे.

सीडर नावाची नदी शहराच्या मधून जाते. जून २००८ मध्ये ती ३१ फुटांच्या वर चढली. आधीचा विक्रम २० फुटांचा होता, म्हणजे लोकांनी जे कधी स्वप्नात बघितलं नव्हतं ते. पाच हजारांवर घरांत पाणी. मी तेव्हा नव्हतो, पण इथल्या जुन्या दुकानांत अजून भिंतीवर खूण करून ठेवलेली दिसते, तुमच्या रेघेसारखीच, फक्त इथे तिला पितळी पट्टी लावतात.

मग पैसा. लोकांनी २००९ मध्ये मतदान करून स्वतःवर शंभराला एक असा जादा विक्रीकर लावून घेतला, पुरातून सावरायला. इथपर्यंत आदर्श वाटतं ना? पुढे भिंतींसाठी तोच कर आणखी काही वर्षं चालू ठेवायला २०११ मध्ये परत मतदान झालं, थोडक्यात पडलं. २०१२ मध्ये पुन्हा, पुन्हा पडलं. ज्यांच्या घरात पाणी आलं नव्हतं त्यांनी विचारलं आम्ही का भरायचं, आणि काहींना पालिकेवर भरवसाच नव्हता. ओळखीचं वाटतंय का?

आता काठाची गोष्ट. केंद्र सरकारचं बांधकाम खातं म्हणजे आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्स. त्यांचा नियम, एक डॉलर खर्च केला तर किमान एक डॉलरचं नुकसान वाचलं पाहिजे. पूर्व काठाला डाउनटाउन, कारखाने, ऑफिसं. पश्चिम काठाला कामगारांची जुनी लाकडी घरं. हिशोब मांडला तर पूर्व काठ बसतो आणि पश्चिम काठ बसत नाही, कारण घरं स्वस्त. म्हणून त्यांनी फक्त पूर्व काठाची शिफारस केली. पाणी दोन्हीकडे आलं होतं, पश्चिमेला माणसं जास्त राहत होती, पण गणितात माणूस नव्हता, घराची किंमत होती. केंद्राचे ११.७ कोटी डॉलर शेवटी २०१८ मध्ये आले, पुराला दहा वर्षं झाल्यावर, आणि तेही पूर्वेलाच.

तितूरकाठचा

मग पश्चिमेचं काय झालं? पाण्यात सोडलं?

सीडर रॅपिड्सहून

नाही, ते वेगळ्या पैशातून. राज्याने २०१२ मध्ये कायदा केला की पूरग्रस्त शहराने आपल्याकडे वाढणाऱ्या विक्रीकरातला काही भाग राज्याला न देता पूरकामासाठी ठेवायचा. त्यात या शहराला २०१३ च्या डिसेंबरात वीस वर्षांत मिळून २६ कोटी डॉलरच्या वर मंजूर झाले, आणि हा पैसा कुठल्या काठाला घालायचा ते शहर ठरवू शकतं. दरम्यान काठावरची तेराशेवर घरं पालिकेने विकत घेऊन पाडली, मोबदला देऊन. त्या वस्त्या गेल्या मात्र कायमच्या, आता तिथे गवत आहे आणि लोक कुत्री फिरवतात. २०१६ ला परत मोठं पाणी आलं तेव्हा भिंती झालेल्याच नव्हत्या, वाळू भरायच्या जाळीच्या पेट्या रातोरात रस्त्याने लावून शहर वाचवलं.

हिशोबनीस

हा डॉलरला डॉलरचा नियम आपल्याकडे पण आहे हं. केंद्राच्या पूरकामात लाभ-खर्च गुणोत्तर एकाच्या वर पाहिजे, आणि लाभ म्हणजे दर वर्षीचं सरासरी टळलेलं नुकसान. आता ते नुकसान कुठून मोजणार? जुन्या पंचनाम्यांतून. आणि ताईंच्या मावशीचं घर पंचनाम्यातच नाही.

मी एवढी वर्षं हे कागद बघतो, पण हे दोन कागद असे जोडून कधी बघितले नव्हते. पंचनामा म्हणजे फक्त मदतीचा कागद असं आपण समजतो. उद्याची भिंत कुठे होईल त्याचं बीज पण त्यातच आहे. बाजारपेठेचं नुकसान कोटीत दिसणार, काठच्या वस्तीचं शून्याजवळ, म्हणजे भिंत बाजाराला.

जुना ओव्हरसियर

आणि एका काठाला भिंत घातली की पाणी दुसरीकडे जास्त जातं, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. माझ्या नोकरीत एका गावात (नाव नको) आमदार निधीतून एका बाजूला भिंत झाली, कारण तिकडे मंदिर होतं आणि सभामंडप. पुढच्याच पावसाळ्यात समोरच्या तीन शेतकऱ्यांचा काठ तुटून जमीन गेली. मी टिपणीत लिहिलं होतं की दोन्ही काठ एकत्र घ्या. साहेब म्हणाले एका काठाचाच निधी आहे, अर्धी भाकरी नाकारू नका.

भिंतीचं अजून एक. भिंत बांधली की गावातली गटारं नदीत जातात तिथे झडपेचे दरवाजे लागतात, म्हणजे नदी चढली की पाणी उलटं आत येऊ नये. मग आतलं पावसाचं पाणी कुठे जाणार? त्याला पंप लागतात, पंपाला जनरेटर, जनरेटरला डिझेल आणि रात्री दोन वाजता जागा असणारा माणूस. भिंतीचं उद्घाटन होतं, झडपेचं होत नाही. गाळ काढायचं टेंडर दर वर्षी निघतं, झडपेला ग्रीस लावायचं हेड मी कधी बघितलं नाही.

कळण्याची भाकर

गाळ काढाना टेंडर दर साल निंघस, गाळ मात्र तोच शे, आते तर तो गाळ मन्हाशी बोलस भी.

उधना व्हाया अमळनेर

😂😂 पण ओव्हरसियर नाना, कोल्हापूर-सांगलीला जागतिक बँकेचे पैसे आलेत म्हणतात ना? खान्देशला का नाही?

जुना ओव्हरसियर

३,२०० कोटींचा कार्यक्रम आहे तो, जागतिक बँकेचं कर्ज त्यात मोठं. २०१९ च्या पुरानंतर वडनेरे समिती बसली, तिने २०२० मध्ये अहवाल दिला, नकाशे, पातळ्या, अतिक्रमणं सगळं कागदावर आलं. कागद तयार होता म्हणून बँकेपुढे ठेवता आला. बरं तिकडे आठवडाभर पूर राहतो, टीव्हीवर आठवडाभर दिसतो. आपला पूर पहाटे येतो नि दुपारी जातो. ओबी व्हॅन पोचेपर्यंत चिखल उरतो.

२०२१ चंच बघा. जुलैच्या कोकण-कोल्हापूरच्या पुरानंतर ऑगस्टच्या सुरुवातीला ११,५०० कोटी जाहीर झाले, त्यातले ७,००० कोटी म्हणे पुढचे पूर कमी करायला. आपला पूर आला महिनाअखेरीला. पंगत उठल्यावर आलेला पाहुणा.

तितूरकाठचा

वाचून डोकं भणभणतंय पण बरं पण वाटतंय की विचारलं. आता मला सांगा मी दुकानदार माणूस, निवडणूक तोंडावर आहे, इतकी वर्षं पालिकेत प्रशासक होता म्हणून विचारायला नगरसेवक पण नव्हता, आता दारात येतील तर नेमकं काय विचारू? 'पूर थांबवा' म्हटलं तर सगळेच हो म्हणतात.

जुना ओव्हरसियर

निळी रेषा विचारा. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदाची. निळीच्या आत नवं बांधकाम नको, निळी आणि लालच्या मध्ये अटी घालून. ही रेषा आखली की नाही, आखली तर २०२१ च्या आधीच्या आकड्यांवर की नंतरच्या, आणि शहराच्या विकास आराखड्यावर ती उतरवली की नाही, एवढे तीनच प्रश्न. बाकी पूरमैदानाचा (पुरात नदी पसरते त्या जागेचा) कायदा वगैरे म्हणाल तर केंद्राने १९७५ सालीच नमुना विधेयक पाठवलं, मोजक्या राज्यांनी कायदा केला, आपण नाही.

पांझरापार

रेषा विचारली की उमेदवार पळून जाईल. रेषेच्या आत त्याचाच प्लॉट असतो.

मेहुणबारेची माहेरवाशीण

पळू दे, पळताना कुठल्या बाजूला पळतो ते दिसेल. माझी एक सूचना, पंचनाम्यात ज्यांची नावंच नव्हती त्यांची यादी आपण करू. मावशीच्या गल्लीपासून मी सुरू करते, घरपट्टीची जुनी पावती, वीजबिल, रेशनकार्ड, जे असेल त्याचा फोटो आणि पाणी कुठपर्यंत होतं ते भिंतीवर हात लावून. हिशोबनीस दादा, असल्या कागदाला काही किंमत असते का?

हिशोबनीस

नुकसानभरपाईला आता फारशी नाही, खोटी आशा देत नाही. पण उद्या प्रकल्प अहवाल करायला सल्लागार कंपनी येते तेव्हा ती नुकसानीची माहिती मागते. तेव्हा पालिकेकडे बाजारपेठेचीच फाईल असते. दुसरी फाईल कोणी दिली, पोच घेऊन, तर सल्लागाराला ती उडवायला कारण लिहावं लागतं. एवढंच, पण हे कमी नाही. वीजबिल सगळ्यात चांगलं, त्यावर पत्ता आणि तारीख दोन्ही असतं.

तितूरकाठचा

ताई, माझ्या गल्लीचं मी करतो. रंगाऱ्याला थांबवलंय, रेघेपर्यंतची उंची टेपने मोजून आधी फोटो काढतो, मग रंग. पाच फूट दोन इंच. नाना, रेषेचं माहिती अधिकारात मागायचं का?

जुना ओव्हरसियर

हो, पण दोन अर्ज करा. एक पालिकेच्या जनमाहिती अधिकाऱ्याला, एक पाटबंधारे विभागाला, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात आणि तुमचा महिना जातो. 'सविस्तर माहिती द्यावी' असं लिहू नका, पूररेषेच्या नकाशाची प्रत आणि तो मंजूर झाल्याची तारीख, एवढंच मागा. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. पोस्टाने नको, हाताने द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. आचारसंहिता आहे म्हणून परत पाठवतील, आचारसंहितेचा आणि माहिती अधिकाराचा काही संबंध नाही, ठाम उभे राहा.

तितूरकाठचा

उद्या शनिवार, ऑफिस बंद. सोमवारी जातो.

कळण्याची भाकर

मन्हा भी एक अर्ज घी जाय भो, आम्हना नालाना. स्टॅम्प मी देस.